प्रवेशपत्रकांतील शेवटचा रकाना

मृग नक्षत्र लागलें कीं खानदेशांत दोन कामांची एकदमच धांदल उडते : शेतांत कपाशीची लागवड आणि शाळेंत मुलांची भरती. जळगांवकडील केळीच्या बागांतून, धुळ्याच्या पेठांतून, शिरपूर-चोपड्याच्या वरच्या अंगास सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेल्या पाड्यांतून आईबाप आपल्या पाल्यांस घेऊन येतात. हातांत प्लास्टिकची पिशवी असते व तींत घरांतील सगळे कागद असतात : जन्माचा दाखला, मागील शाळा सोडल्याचा दाखला, आधारपत्र, जातीचा दाखला, शिधापत्रिका, आणि क्वचित् विजेचें बिलसुद्धां. एकेक कागद जपून बाहेर येतो व तितकाच जपून पुन्हां आंत जातो. नांव, जन्मतारीख, पत्ता हे रकाने भरतांना दहा वेळां विचारणा होते. शेवटच्या पानावरील एक रकाना मात्र कोणास कांहीं न विचारतां, क्षणभरही न थांबतां, एका शब्दांत भरला जातो. ‘विद्यार्थ्यास कांहीं आजार आहे किंवा पूर्वीं होता काय?’ ह्या प्रश्नापुढें ‘नाहीं’ हा शब्द इतक्या त्वरेनें पडतो कीं शाई वाळण्यापूर्वींच कागद आमच्या हातीं येतो. ह्या एका रकान्याविषयीं आपल्या वार्षिकाच्या वाचकांशीं, आणि विशेषेंकरून मातापित्यांशीं, चार शब्द बोलावे असें फार दिवस मनांत होतें.

प्रथम कागदांची भीति दूर करूं, कारण पुष्कळांच्या मनांत तीच मोठी होऊन बसलेली असते. सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ सालीं झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. वयाचा पुरावा नाहीं एवढ्याच कारणावरून मुलास प्रवेश नाकारूं नये, आणि मागील शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश अडवूं नये, असें त्यांत स्पष्ट म्हटलें आहे. आधारपत्रावांचून शाळेंत घेतच नाहींत ही समजूतही खरी नव्हे. शाळेच्या प्रवेशास तें सक्तीचें नाहीं असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं सांगितलें. जन्माची नोंद मात्र प्रत्येकानें अवश्य करून घ्यावी, कारण १ ऑक्टोबर २०२३ रोजीं किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांस पुढें शाळेंत घालतांना जन्माचा दाखला हाच पुरावा धरला जाणार आहे. अल्पसंख्याकांच्या संस्थांस २००९ चा कायदा लागू होत नाहीं असा निर्णय त्याच न्यायालयानें २०१४ सालीं दिला, हें मला ठाऊक आहे. परंतु सरकारी शाळेनें जें दार उघडें ठेवावें तें ख्रिस्ती शाळेनें लोटून घ्यावें, हें कोणत्या शुभवर्तमानांत बसतें? असो. कागद अपुरे असले तरी मूल घेऊन यावें. कागद मागून येतात.

मग शेवटच्या रकान्यांतील तें ‘नाहीं’ येतें कोठून? आईबाप खोटें बोलतात असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. मला तें मान्य नाहीं. त्यांना भय वाटतें, आणि हें भय त्यांना कोणी तरी शिकविलेलें आहे. एका गृहस्थांनीं मला सांगितलें कीं, मुलीला फेफरें येतें असें त्यांनीं एका शाळेच्या पत्रकांत प्रामाणिकपणें लिहिलें, तेव्हां दुसऱ्या दिवशीं ‘जागा भरल्या’ असें उत्तर मिळालें. ती शाळा कोणती हें मीं विचारलें नाहीं. आमच्या पत्रकांत त्यांनीं तो रकाना कोराच ठेवला होता, आणि गर्दी ओसरल्यावर व्हरांड्यांत मला बाजूस घेऊन खालच्या आवाजांत सगळें सांगितलें. इतकें धैर्य सर्वांपाशीं कोठून असणार? त्यांत मुलगी असली म्हणजे भय दुप्पट होतें; आज शाळेंत लिहिलेला शब्द उद्यां सोयरिकीच्या बैठकींत निघेल असें वाटतें. ‘पोर चांगली शे गुरुजी, काहीच नही,’ असें आपल्या अहिराणींत सांगतांना आईची नजर जमिनीकडे असते, आणि पोर आईकडे पाहत असते.

ह्या ‘नाहीं’ची किंमत कोणाला द्यावी लागते तें एका मुलाच्या हकिकतीवरून दिसेल. शिरपूर तालुक्याच्या उत्तर सीमेवरील एका पाड्यांतून तो आठव्या इयत्तेंत दाखल झाला व वसतिगृहांत राहूं लागला. जातीचा पावरा, गणितांत हुषार, बोलण्यांत मितभाषी. रकान्यांत अर्थातच ‘नाहीं’. जुलैच्या पावसांत कवायतीच्या तासाला तो निंबाखालीं बसूं लागला. कधीं गुडघा दुखे, कधीं पाठ. रात्रीं दोन-तीनदां लघवीस उठे; वर्गांतही वारंवार परवानगी मागे. आमचे कवायतीचे शिक्षक मोठे भले गृहस्थ, पण आळस त्यांना खपत नाहीं. ‘दुखणें नेमकें कवायतीच्याच तासाला कसें येतें?’ असें ते म्हणत, आणि मुलें हंसत. पुढें पुढें त्यानें पाणी पिणेंच कमी केलें, म्हणजे वर्गांतून उठावें लागूं नये. स्वातंत्र्यदिनाच्या संचलनाची तयारी चालू असतां एके दिवशीं सगळीं मुलें पावसांत भिजून आलीं. त्या रात्रीं त्याच्या मांड्यांत व छातींत अशी कळ उठली कीं ओरडूं नये म्हणून तो उशी दांतांत धरून पडला होता. शेजारच्या खाटेवरील मुलानें गृहपालांस उठविलें. पहाटे त्याला रुग्णालयांत नेलें, रक्त तपासलें, आणि सिकलसेल हें नांव आम्हांस कळलें.

दुपारच्या एस. टी. नें आई आली. पदराची गांठ सोडून तिनें घडीवर घडी घातलेला एक कागद काढला. चार वर्षांपूर्वीं पाड्यावरील शाळेंत झालेल्या तपासणीचा तो कागद होता आणि त्यावर हेंच नांव होतें. आजार कळला तर वसतिगृहांत ठेवीत नाहींत असें तिला कोणीं तरी सांगितलेलें. पाड्यावर आठवीचा वर्ग नाहीं. मग तिनें तो कागद जपून ठेवला, पण दाखविला नाहीं. त्या माउलीवर रागवावें तरी कसें?

हा रोग आपल्या दारांतला आहे, म्हणून त्याची थोडी माहिती प्रत्येक घरीं असावी. रक्तांतील तांबड्या पेशी स्वभावतः वाटोळ्या व मऊ असतात. अगदीं बारीक रक्तवाहिनींतूनही त्या वांकून पार होतात. ह्या रोगांत प्राणवायु कमी पडला कीं त्या विळ्यासारख्या वांकड्या व ताठ होतात, जागोजाग अडकतात, आणि जेथें अडकतात तेथें असह्य वेदना होते. निरोगी पेशी सुमारें १२० दिवस टिकते. ही दहा-वीस दिवसांतच मोडते. म्हणून मूल फिकट दिसतें, डोळे पिवळट होतात, थोड्या श्रमानेंही धाप लागते. शरीरांतील पाणी कमी होणें, थंडींत भिजणें, ताप, अतिश्रम, हीं वेदनेला निमंत्रणें होत. मूत्रपिंडांस पाणी राखतां येत नाहीं, त्यामुळें लघवी वारंवार होते. अशा मुलास वर्गांतून बाहेर जाऊं न देणें म्हणजे त्याला तहानलेलें राहावयास शिकविणें होय. रोग एका ताटांत जेवल्यानें किंवा एका बाकावर बसल्यानें लागत नाहीं. तो आईबापांकडून जन्मतःच येतो. दोघेही वाहक असले, म्हणजे स्वतः धडधाकट पण रक्तांत एकेक दोष बाळगणारे असले, तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक इतका असतो. सातपुड्याच्या आसमंतांतील भिल्ल, पावरा आदिकरून समाजांत वाहक अधिक आढळतात. पण हा रोग कांहीं त्यांच्यापुरताच नाहीं, आणि त्यांत कोणाच्या कुळाचा कमीपणाही नाहीं.

आधुनिक वैद्यकाच्या ग्रंथांत ह्या रोगाचा जो पहिला रुग्ण नोंदला गेला तो विद्यार्थीच होता. वॉल्टर क्लेमेंट नोएल हें त्याचें नांव. ग्रेनाडा नांवाच्या उष्ण बेटावरून तो दंतवैद्यक शिकण्यास अमेरिकेंतील शिकागो शहरीं गेला, आणि तेथील थंडींत आजारी पडून रुग्णालयांत आला. त्याच्या रक्तांतील विळ्याच्या आकाराच्या पेशींचें वर्णन डॉ. जेम्स हेरिक ह्यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध केलें. नोएलनें शिक्षण पुरें केलें, मायदेशीं परतून दंतवैद्याचा व्यवसाय केला, व १९१६ सालीं तो न्युमोनियानें वारला. त्या काळीं ह्या रोगावर द्यावयास कोणापाशीं कांहीं नव्हतें. आज आहे. फॉलिक ॲसिडची गोळी आहे, डॉक्टरांच्या देखरेखीखालीं घ्यावयाचें हायड्रॉक्सियुरिया आहे. १ जुलै २०२३ रोजीं मध्य प्रदेशांतील शहडोल येथें सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तींत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांचें रक्त तपासण्याचा संकल्प आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें हा रोग दिव्यांगत्वाच्या यादींत घातला, म्हणून प्रमाणपत्र मिळविलेल्या विद्यार्थ्यास परीक्षेंतही सवलत मागतां येते. कागद पदरांत बांधून ठेवला तर ह्यांपैकीं कांहींच मिळत नाहीं.

आणि शाळेनें करावयाचें तें किती थोडें होतें! बाकावर पाण्याची बाटली; न विचारतां बाहेर जाण्याची मुभा; हिवाळ्यांत अंघोळीस ऊन पाणी; पावसांत संचलन नाहीं, लांबची धांव नाहीं; आणि ताप आला तर उद्यांची वाट न पाहतां त्याच दिवशीं रुग्णालय. कवायतीच्या शिक्षकांनीं आपण होऊन त्याच्या हातीं क्रिकेटच्या धावांची वही दिली. हा मुलगा सध्यां दहावींत आहे. कळ अजूनही मधून मधून येते, पण आतां तो उशी दांतांत धरीत नाहीं, हांक मारतो.

दुसरा कागद लसीकरणाच्या कार्डाचा. माझ्या आजीच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. तिच्या लहानपणीं गांवांत देवी टोंचणारा आला कीं बायका मुलांना कणगीआड दडवीत. आजीलाही दडविलें होतें, आणि त्याचेच ते वण. आजच्या विद्यार्थ्यास ‘देवी’ म्हटलें कीं देऊळच आठवतें, इतका तो रोग समूळ गेला. मुंबईंत १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीला ह्या देशांतील पहिली लस टोंचली गेली. तिच्या दंडावरील फोडांतील लस काढून दुसऱ्या मुलांना टोंचीत, त्यांच्या दंडावरून तिसऱ्यांना. मुलांच्या अंगावरूनच ती देशभर गेली म्हणाना. भारतांतील देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ च्या मे महिन्यांतला. १९८० सालीं सारें जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली. म्हणजे पहिल्या टोंचणीपासून शेवटच्या रुग्णापर्यंत आपल्याकडे १७३ वर्षें लागलीं. पोलिओचा शेवटचा रुग्ण तर २०११ सालचा, म्हणजे आपल्या वरच्या वर्गांतील मुलांच्या थोरल्या भावंडांच्या वेळचा.

पालकांचा समज असा असतो कीं टोंचणें हें तान्ह्या मुलांचें काम, मूल चालूं लागलें कीं संपलें. तसें नाहीं. पांच ते सहा वर्षांच्या दरम्यान घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात ह्यांवरील लशीचा बूस्टर असतो. दहाव्या वर्षीं आणि सोळाव्या वर्षीं धनुर्वात व घटसर्प ह्यांवरील टीडीची लस असते. हीं वयें पाहा : एक पहिलीच्या प्रवेशाचें, एक पांचवीचें, एक दहावीच्या सुमाराचें. नेमक्या ह्याच वेळीं कार्ड सांपडत नाहीं, कारण तें बाळंतपणाच्या कागदांबरोबर माहेरच्या ट्रंकेंत राहिलेलें असतें! २७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रांत गोवर-रुबेलाची मोहीम निघाली, नऊ महिने ते पंधरा वर्षें वयाच्या मुलांसाठीं; तेव्हां शाळाशाळांतून लस दिली गेली, आणि भलभलत्या अफवा ऐकून कित्येकांनीं मुलांस त्या दिवशीं घरींच ठेवलें. पुढें २०२२ सालीं धुळ्याहून तासाभराच्या वाटेवरील मालेगांवांत गोवराची साथ उठली. गोवर म्हणजे अंगावर उठतें आणि जातें, असें म्हणणाऱ्यांनीं तेव्हांचीं वर्तमानपत्रें आठवावींत. कार्ड नाहीं म्हणून मुलास परत पाठवावें असें मी मुळींच म्हणत नाहीं. कार्ड पाहिलें म्हणजे काय राहून गेलें तें कळतें, आणि राहिलेलें सरकारी आरोग्य केंद्रांत एक पैसा न देतां भरून निघतें. कार्ड मागण्याचा हेतु एवढाच.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचें वैद्यकीय पथक सरकारी व अनुदानित शाळांत वर्षांतून एकदां येतें. २०१३ च्या फेब्रुवारींत ह्याच राज्यांतील पालघरास त्याचा आरंभ झाला. दांत, कान, डोळे, हृदय, त्वचा सर्व पाहतात. त्या दिवशीं मुलें गैरहजर राहतात हें मला कळत नाहीं; डॉक्टर आपण होऊन दारीं यावा आणि रोग्यानें मागल्या दारानें जावें! ज्या मुलास ‘ढ’ म्हणून मागल्या बाकावर बसविलें जातें त्याला पुष्कळदां फळाच दिसत नसतो. जंताची गोळी व आठवड्याची लोहाची निळी गोळी ह्यांविषयीं वर्गांत सांगितलें जातेंच. येथें विस्तार करीत नाहीं.

आतां शाळेकडे वळतों, कारण पालकांनीं खरें लिहावें असें म्हणणाऱ्या शाळेनें तें खरें सांभाळण्यास पात्र असलें पाहिजे. रांगेंत वीस माणसें उभीं असतां ‘मुलीला काय होतें?’ असें मोठ्यानें विचारणाऱ्या कारकुनापुढें कोण खरें सांगेल? आरोग्याचें पान वेगळें असावें, तें घरीं नेऊन भरावें, बंद पाकिटांत वर्गशिक्षकांच्या हातीं द्यावें, आणि मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, कवायतीचे शिक्षक व वसतिगृहाचे गृहपाल ह्यांखेरीज कोणीं तें पाहूं नये, असें माझें मत मीं शिक्षकांच्या सभेंत मांडलें आहे. ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांचें आम्हीं लिहून घ्यावें, तेंही एकांतांत. आपल्या खानदेशांत १९२४ ते १९३० ह्या काळांत साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते व तेथील छात्रालय त्यांनीं आईच्या मायेनें सांभाळलें. घरचें माणूस जसें मुलाचें दुखणें जाणतें तसें शिक्षकानें जाणावें, हें आपल्या मातीला नवें नाहीं. आणि आम्हां ख्रिस्ती शिक्षकांस तर त्या पक्षघाती मनुष्याची गोष्ट पाठच असते : दारांत गर्दी, म्हणून चौघांनीं घराचें छप्पर उकलून त्याला खाटेसह खालीं सोडलें. घरमालकानें छपराची भरपाई मागितल्याचें कोठें लिहिलेलें नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, शेवटीं तुमच्याशीं. लपविण्याचें अर्धें कारण आईबापांचें भय असलें तरी उरलेलें अर्धें तुमचें हंसणें आहे. ज्या मुलीच्या वडिलांनीं मला व्हरांड्यांत सगळें सांगितलें ती आतां सातवींत आहे. तिच्या आईची संमति घेऊन, आणि तिला स्वतःला विचारून, वर्गशिक्षिकाबाईंनीं तिच्या वर्गास फेफऱ्याविषयीं सांगितलें. मेंदूंत क्षणभर विजेचा गोंधळ उडतो, त्याचा तो झटका. भूतबाधा नव्हे, आणि स्पर्शानें लागणारा रोगही नव्हे. कांदा किंवा वहाण हुंगवूं नये. दांतांत चमचा घालूं नये, तोंडांत पाणी ओतूं नये, हातपाय दाबून धरूं नयेत. आजूबाजूचीं बाकें सरकवावीं, डोक्याखालीं दप्तर किंवा कांहीं मऊ ठेवावें, कुशीवर वळवावें, आणि घड्याळाकडे पाहावें. पांच मिनिटांवर गेलें तर वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.

नाताळच्या सुटीपूर्वीं गणिताच्या तासाला तिला झटका आला. दोघांनीं बाकें ओढलीं, एकीनें आपली शाल घडी करून डोक्याखालीं सरकविली, एक मुलगा घड्याळाखालीं उभा राहून मोठ्यानें वेळ सांगूं लागला. दोन मिनिटेंही झालीं नाहींत. कोणी हंसलें नाहीं, कोणी पळालें नाहीं. गडबडींत फळा मात्र कोणीं तरी पुसून टाकला होता. थोड्या वेळानें ती उठून बसली, तिनें फळ्याकडे पाहिलें आणि म्हणाली, ‘पुसलें कोणीं? माझें उतरवून घ्यावयाचें राहिलें होतें.’